धरण बघून या

माधवनगर, ६ डिसेंबर १९७१

आईच्या पायांवर राहीचं डोकं.

तुझा ताप उतरला का? माझी काळजी करू नको. लढाई लागल्यामुळं नवरदेवाला पलटणीतून यायला उशीर होतोय. तवर त्यांच्या जागी त्यांच्या कट्यारीला हळद लावून उष्टी मला लावली. म्हणून मला उंबरा ओलांडता येत न्हाई.

आपलं वऱ्हाड मातर लय फिरतंय. परवा सांगलीचा गणपती झाला, काल हरिपूरचा संगम. काकीनं मला बत्तासे आणले.

सासूबाई रोज सकाळी नव्यानं हळद लावत्यात. आज त्याआधीच तार आली. मामंजींनी वाचून खिशात ठेवली आन आपल्या वऱ्हाडाला म्हणाले, "उद्या कोयनेचं धरण बघून या."

धरण आपल्या पाटणपाशीच हाय, आई. तरी कुणी हसलं न्हाई.

मला आज हळद लावली न्हाई.

तुझी
राही