रिकाम्या जागा आणि झेंड्याची काठी

प्रिय वीब्रिगताई,

कंबर वाकेल तेवढा वाकून नमस्कार. तुझे गुडघे, भावजींचा खोकला आणि तुमची ती चावरी बदकं, सगळं ठीक असेल असं धरून चालतो (नसलं तर पुढच्या पत्रात विचारीन, आज मला माझंच सांगायचं आहे). तर ऐक, तुझा धाकटा भाऊ हिल्के काल शालान्त परीक्षेचा इंग्रजीचा पेपर देऊन आला. एकसष्टाव्या वर्षी! आणि असा दिला म्हणून सांगू, की तपासणाऱ्याने उभं राहून टोपी काढावी.

दर जूनमध्ये गावात घराघरांवर झेंडे लागतात आणि काठीच्या टोकाला पास झालेल्या पोरांची दप्तरं लोंबायला लागतात, तेव्हा मी मान खाली घालून सायकल हाणतो, हे तुला ठाऊकच आहे. आपल्या काठीवर दप्तर कधी चढलंच नाही. शेजारच्या ड्यूर्कच्या मात्र यच्चयावत नातवंडांची चढली (त्यातल्या एकाला अजून बुटाची नाडी बांधता येत नाही). मी प्रौढांच्या वर्गात नाव घातलं तेव्हा हाच ड्यूर्क कुंपणावरून ओरडला, "साठी बुद्धी नाठी, हिल्के! दप्तराऐवजी काठीला तूच लोंबकळशील!" लोंबकळू दे मेल्याला.

आमच्या निन्केबाई वयाने माझ्या मुलीएवढ्या, पण तोंड पोलिसाचं. इंग्रजी उतारा देतात, मध्ये एक शब्द गाळलेला, खाली चार शब्द, योग्य तो निवडा. "मागचं वाक्य बघा, पुढचं बघा, मग जागा भरा," हा त्यांचा जप. अहो बाई, जन्मभर कालव्यावरचा पूल उघडला मी! मागची मोटार, पुढची बोट बघितल्याशिवाय कधी दांडा ओढला नाही. मला कोण शिकवणार? त्यावर बाई म्हणाल्या, "हिल्के, तुम्ही उतारा वाचत नाही, उताऱ्याला तुमची गोष्ट सांगत बसता." मत्सर, दुसरं काय.

आणि काल पेपरात काय यावं? पूल! कालव्यावरचा पूल यंत्राने उघडू लागला, राखणदार घरी गेला, तेव्हा बोटवाल्यांना काय वाटलं, ही रिकामी जागा. हायसं, भीती, हळहळ की राग? माझे डोळेच भरून आले, ताई. पूल उघडण्याचे पैसे घ्यायला मी गळाच्या दोरीला लाकडी बूट बांधून खाली बोटीत सोडायचो, तर लोक त्यात चीजसुद्धा घालायचे. त्यांना हायसं वाटेल? मी ठणकावून 'हळहळ' निवडली आणि समासात कारणही लिहून दिलं. अख्ख्या देशात या जागेचं माझ्याएवढं अचूक उत्तर कोणाचं नसेल.

तुझा,
हिल्के

ता. क. तिकीट सापडेना म्हणून पत्र पडून राहिलं, तोवर जून उजाडला. आज निन्केबाईंचा फोन आला. पुलाचं उत्तर चुकलं. लोकांना हायसं वाटलं होतं म्हणे, तसं पुढच्याच ओळीत लिहिलं होतं (ती ओळ मी रागाच्या भरात वाचलीच नाही). बाकीच्या जागांनी तारलं. काठावर का होईना, पास झालो, ताई! पास!

ता. ता. क. आता कामाचं. काठी रंगवून ठेवली आहे, दप्तर मात्र अजून चढवलेलं नाही. काविळीने तुझं एक वर्ष बुडालं म्हणून आपण एका वर्गात आलो, आणि शालान्तच्या त्या जूनमध्ये तू पास झालीस, मी इंग्रजीत आपटलो. बाबा तुझं दप्तर घेऊन काठीकडे निघाले, तर तू ते त्यांच्या हातातून ओढून घेतलंस. म्हणालीस, "हिल्केचं होईल तेव्हा दोन्ही एकदम लावू." तुला वाटलं असेल मी विसरलो. ते तपकिरी दप्तर तुझ्या माळ्यावर असेल, तर शनिवारी घेऊन ये. आधी तुझं चढेल. ड्यूर्कला सांगून ठेवलंय की दप्तरं दोन आहेत. दुसरं कोणाचं, म्हणून सारखा विचारतोय. म्हटलं, शनिवारी ये आणि बघ.