साहेबांच्या निद्रेचे नमुना वाक्य आणि फॉन्ट न पुसणेबाबत

प्रति,
मा. कार्यालय प्रमुख,
दुसरा मजला, कोपऱ्यातील खोली.

प्रेषक : अक्षरजुळणीकार, नोटीस विभाग, तळमजला (कर्मचाऱ्यांत ‘अक्षरबाई’).

विषय : संगणकावरील फॉन्ट किमान महोदयांच्या निवृत्तीपर्यंत न पुसणेबाबत.

संदर्भ : महोदयांचा लाल शाईतील शेरा, “सर्व फॉन्ट पुसा. एकच ठेवा.”

महोदय,

उपरोक्त शेरा वाचून अर्जदाराच्या पायाखालची जमीन सरकली, तरी अर्जदार आपले म्हणणे पुढीलप्रमाणे सविनय सादर करते.

१. फॉन्ट निवडताना संगणक आपले स्वतःचे नमुना वाक्य परक्या लिपीत दाखवतो. त्यावरून आपल्या अक्षराची पारख होत नाही. जोडाक्षरे नीट बसतात की एकमेकांच्या डोक्यावर चढतात, हे पाहण्यासाठी अर्जदाराने स्वतः एक वाक्य रचले : “वरिष्ठ अधिकाऱ्यांना दुपारी खुर्चीत स्वस्थ निद्रा, सज्ञान शिपाई क्षणभर दारात उभा.” यात बहुतेक अवघड अक्षरे येतात. महोदय त्यात आले, हा निव्वळ योगायोग समजावा.

२. अर्जदाराने फॉन्टचे स्वभावानुसार कप्पे केले आहेत : खडूस, गोड, सुतकी व लग्नाळू. हे थट्टेने केलेले नाही. हजेरीची नोटीस एकदा लग्नाळू अक्षरात लागली, तेव्हा लोक कौतुकाने वाचत उभे राहिले आणि आणखी उशिरा जागेवर बसले.

३. गेल्या आठवड्यात अर्जदाराने सगळ्या फॉन्टमध्ये वरील वाक्य छापून तुलनेसाठी टेबलावर ठेवले. सर्वांत वर खडूस फॉन्ट होता. शिपाईमामांना तो कागद परिपत्रक वाटला आणि त्यांनी तत्परतेने फलकावर लावला. महोदयांनी तो शेवटच्या ओळीपर्यंत उभ्याने वाचला, असे समजते. मामांची यात चूक नाही. खडूस अक्षर पाहिले की आपल्या कार्यालयात कोणी मजकूर वाचत बसत नाही.

४. शिक्षा म्हणून अर्जदाराला टपाल शाखेत बसवावे, ती मुकाट्याने तिकिटे चिकटवील. फॉन्ट मात्र पुसू नयेत. ‘गोड’ कप्प्यातील एक फॉन्ट जुन्या पद्धतीचा आहे. तो गेला की त्यातला मजकूर उघडतो खरा, पण अक्षरांच्या जागी नुसते कंस, टक्के आणि उद्गारचिन्हे दिसतात.

५. त्या फॉन्टमध्ये काय आहे हे सांगायला सक्त मनाई आहे. तरीही नाइलाजाने सांगते : महोदयांचे मानपत्र आहे. ते आधीच छापून का घेतले नाही, असे महोदय विचारतील. शेवटच्या ओळीवर एकमत होत नाही. हेडक्लार्क ‘कर्तव्यदक्ष’वर अडून बसले आहेत, टंकलेखक ताईंना ‘मनमिळाऊ’ हवे आहे आणि शिपाईमामा म्हणतात, यातले काहीच साहेबांसारखे वाटत नाही. रोज ओळ बदलते, म्हणून फाइल वाचता येण्याजोगी राहणे आवश्यक आहे.

६. अर्जदाराचे स्वतःचे म्हणणे कोणी विचारले नाही, ते येथे नोंदवते. सासूबाई अंथरुणाला खिळल्या होत्या, तेव्हा महोदयांनी रजेच्या अर्जावर तो न वाचताच सही केली आणि वर विचारले, “घरी स्वयंपाकाचं काय करता?” असे विचारणारे साहेब जाणार याचे अर्जदाराला फार वाईट वाटते. हे नियमात बसत नसल्यास वगळावे.

७. अर्ज योग्य मार्गाने पाठवल्यास तो हेडक्लार्कच्या हाती पडेल आणि बातमी फोडल्याबद्दल अर्जदाराची धडगत राहणार नाही. म्हणून तो थेट महोदयांच्या टेबलावर ठेवत आहे.

तरी फॉन्ट राहू द्यावेत, आणि निरोपाच्या दिवशी मानपत्र वाचले जाईल तेव्हा महोदयांनी कृपया आश्चर्यचकित व्हावे. डोळ्यांत पाणी आल्यास हरकत नाही. आमचीही तीच तयारी आहे.

आपली नम्र,
(सही)
अक्षरजुळणीकार, नोटीस विभाग

दिनांक : निरोप समारंभाआधीचा सोमवार