देवघरातली राणी

ॲन आर्बर, २० सप्टेंबर २०२५

ती. शैलजाआत्यास,
यतीनचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुला ऐकू येत नाही आणि मशीन कानात घालायचं नाही, म्हणून पत्र. खुर्चीत बसूनच वाच. नवरात्राचे देव घासायला काढले, तर आपल्या भवानीच्या टाकाच्या कडेवर पणजोबांचं नाव, तेही इंग्रजीत! इथल्या म्युझियमच्या बाईंना दाखवलं. अगं, तो टाक नाहीच! १९०० साली चीनमध्ये बॉक्सरांचं बंड झालं, तिथे इंग्रजांनी नेलेल्या आपल्या माणसांना दिलेलं पदक आहे ते. सैनिकांना चांदीचं, जखमींना वाहून नेणाऱ्या डोलीवाल्यांना ब्राँझचं; पणजोबा डोलीवाले, म्हणून आपलं दुर्मीळ. आणि डोक्यावर पदर घेतलेली देवी म्हणजे राणी व्हिक्टोरिया! इतकी वर्षं आपण तिला पुरणाचा नैवेद्य दाखवतोय. म्युझियमला ते हवंय. देऊन टाकतो.

सई दसऱ्याला निघते, आर्मीची मेडिक म्हणून, परदेशी. कशाला हवं होतं हे? मी तिच्याशी बोलत नाही. सीमा म्हणते, आपल्या लेकीशी बापानं असं वागू नये.

तुझ्या रागालोभाचा धनी,
यतीन

शुगर लँड, २५ सप्टेंबर

चि. यतीनास अनेक आशीर्वाद.

हसता हसता ठसका लागला रे! माझे आजोबा, म्हणजे तुझे पणजोबा, त्या भवानीला कधी हात का जोडत नव्हते, ते आज कळलं. आई चिंच लावून टाक घासायची आणि ते ओट्यावर बसून मिशीत हसायचे. काय दिवस होते!

पण ऐक. ते चीनला गेले तेव्हा त्यांच्या आईनं गोड सोडलं होतं. लेक परत आला, हे पदक तिच्या हातात ठेवलं. जिनं पोर परत आणलं ती देवीच, असं म्हणून तिनं देवात बसवली. आजोबांनी तिचं मन मोडलं नाही.

गाढवा, सईही जखमींना उचलायलाच चाललीय. त्या माउलीनं लेकाशी अबोला धरला नव्हता. पोरीला देवापुढे बसव, कुंकू लाव, बोल. तुझ्यावर जीव आहे म्हणून रागावते.

तुझी,
आत्या

ॲन आर्बर, २ ऑक्टोबर

ती. आत्यास सा. न.

सईला सगळं सांगितलं. डोलीवाला म्हणजे माझ्यासारखाच मेडिक ना, असं तिनं विचारलं. मी हो म्हटलं आणि तिला देवापुढे बसवलं. कुंकू लावताना कपाळभर फासलं. विमानतळापर्यंत तिनं पुसलं नाही.

म्युझियमच्या बाईंना कळवलंय, पदक देईन, पण पोरगी परत आल्यावर. तोवर राणीला आमच्याकडे काम आहे.

आणि ते मशीन कानात घाल. पोचली की सई तुला फोन करणार आहे.

अशीच रागावत राहा.
यतीन