हळू हवा भरणारा

शनिवार, संध्याकाळ

जीपसाठी हवेचा कॉम्प्रेसर घ्यायला बाबांबरोबर यशवंतपूरला गेले. आम्ही दोघं जीपने रानात भटकायला जातो, तेव्हा चिखलात उतरताना चाकांतली हवा कमी करायची आणि परतताना डांबरी रस्ता लागला की पुन्हा भरायची. इतके दिवस बाबा पायपंपाने भरायचे, पण आता गुडघे साथ देत नाहीत.

मी झटपट भरणारा निवडला, तर बाबांनी हळू भरणाराच उचलला. "हा कमी तापतो." निवृत्त इंजिनिअर, कारण तांत्रिकच देणार. पण जास्त वेळ चालला की तापणारच ना? दुकानदार कानडीत "सरी, सार", म्हणजे 'बरं, साहेब', म्हणून मोकळा झाला.

आत्ता बाबा आईला माझ्याबद्दल सांगत होते, "चारही चाकं भरेपर्यंत चहा निवांत होतो. एरवी ही बोलायला सापडते कुठे?"

थर्मास मोठा घ्यायला हवा.