ओत्सोच्या डोक्याची परीक्षा

प्रिय तार्मो,

राष्ट्रीय आइस हॉकी संघाचा डॉक्टर झाल्यापासून तुला बहिणीची आठवण कुठली! म्हणून मीच लिहितेय. तळ्यावरचा बर्फ परवा फुटला. सॉनाच्या न्हाणीघराचं धुराडं मात्र पडलं. राउनोला सांगून सांगून थकले, त्याचं एकच उत्तर, "स्पर्धा संपू दे." लग्न झाल्यापासून हेच ऐकतेय.

लोक म्हणतात, राउनोसारखा बचावपटू पुन्हा होणे नाही. असेलही. पण त्याचे पडलेले दात, वाकडी झालेली बोटं मी सांभाळली. डोक्याला मार बसला की पेपरात यायचं 'शरीराच्या वरच्या भागाला दुखापत', आणि घरी हा पडदे ओढून दोन-दोन दिवस पडून राहायचा. मी बोलले की म्हणायचा, "अगं, एवढ्यानं कोण मरतं?" खेळणं थांबलं तेव्हा वाटलं, सुटले बाई! कसलं काय. आधी क्लबचा प्रशिक्षक, मग थेट देशाचा. हल्ली कॉफीचं यंत्र सुरू करतो नि आत पाणीच नसतं. विचारलं की चिडतो. मीही विचारणं सोडलंय.

आता आपला ओत्सोही त्याच्याच संघात. बापानं लेकाला घेतलं म्हणून काय काय टोमणे बसले, तुला ठाऊक आहेच. म्हणून राउनो त्याला दुप्पट राबवतो, आणि बापाला कमीपणा नको म्हणून पोरगं 'दुखतंय' म्हणत नाही. मी मध्ये पडले की दोघं एक होतात. "आई, तुला खेळातलं काय कळतं!" नाही कळत, बाबा.

बुधवारच्या सामन्यात ओत्सोचं डोकं मैदानाच्या कठड्यावर आपटलं, ते मी टीव्हीवर पाहिलं. तू तपासलंस, ठीक म्हणालास. तुझी चूक नाही रे. तू मार बसल्यानंतरचे गुण शरद ऋतूत, धडधाकट असताना घेतलेल्या स्मरणशक्तीच्या परीक्षेशी ताडून बघतोस, पण ती परीक्षा त्यानं मुद्दाम वाईट दिली होती. राउनोनंच माझ्या स्वयंपाकघरात बसून शिकवलं, "शब्द आठवले तरी चार गाळ, उत्तर उशिरा दे. मग पुढे मार बसला तरी कुणी बाहेर बसवणार नाही." मी ओरडले, दोघांनी हसण्यावारी नेलं.

फोन करावा तर तुझ्याशेजारी राउनो असतो, म्हणून तुमचा सामना बघायला ताम्पेरेला निघालेल्या शेजारच्या लेम्पीच्या हाती हे पत्र देतेय. रविवारी ओत्सोला उतरू देऊ नकोस. राउनोचं पद जाईल, दोघं माझं तोंड बघणार नाहीत, माहीत आहे. राउनोला सांगून पाहिलं. तो म्हणाला, "रविवारनंतर बघू." मी इथे बसून काय करू, तूच सांग! काल ओत्सोचा फोन आला. छान बोलत होता, जेवणाचं, सरावाचं. मग म्हणाला, "आजीला दे ना फोन." तार्मो, नाताळानंतर आपल्या आईची शवपेटी तू आणि ओत्सोनंच समोरासमोर उभं राहून पट्ट्यांनी कबरीत खाली सोडलीत ना? मी त्याला म्हटलं, आजी झोपलीय.

तुझीच,
हेल्वीताई