पुण्याला गेलेलं गाऱ्हाणं

अप्पा, आज रविवार. दवाखाना बंद आहे आणि मी जेवणं उरकून तुम्हाला लिहायला बसले आहे. तुम्ही गेलात तेव्हा मी मेडिकलच्या शेवटच्या वर्षाला होते, म्हणजे डॉक्टर झालेली मी तुम्ही पाहिलीच नाही. पाहिलीत ती माळ्यावर लपून बसलेली. बारावीनंतर पहिल्या प्रयत्नात माझा मेडिकलला नंबर लागला नाही. नापास नव्हते झाले, पण आपल्या वाडीत या दोन्हींत फरक करत बसायला वेळ कोणाला होता? वर्षभर घरी राहून पुन्हा परीक्षा द्यायचं ठरलं, तेव्हा मी अक्षरशः तुमच्या पाया पडून एकच मागणं मागितलं. मी घरात आहे हे कोणाला कळू देऊ नका.

कारण आदल्याच शिमग्यात देवाची पालखी आपल्या अंगणात आली होती, आणि गुरवकाकांनी सगळ्यांच्या देखत 'पोर डॉक्टर होऊ दे' असं गाऱ्हाणं घातलं होतं. अख्खी वाडी 'व्हय म्हाराजा' म्हणाली होती. देवाने ऐकलं नाही ते एक वेळ सोसलं असतं, पण वाडीने ऐकलं होतं ना! तुम्ही रत्नागिरी-पाली गाडीवर कंडक्टर, निम्मा तालुका ओळखीचा. तिकीट घेता घेता माणसं विचारायची, "काय कंडक्टर, लेक लागली काय डॉक्टरीला?" तुम्ही म्हणायचात, "कोल्हापुरात हाय, मावशीकडं. क्लासला." सख्ख्या भावालाही कधी फुकट गाडीत बसू न देणारे तुम्ही, माझ्यापायी येता-जाता खोटं बोलत होतात. आणि मी कौलांखाली बसून जीवशास्त्र पाठ करत होते. परसात जायचं तर आधी आईने बाहेर डोकावून बघायचं. खोकला आला तर तोंडावर उशी. कोल्हापूरची मुलगी आपल्याच घरात खोकताना कोणी ऐकली असती तर पंचाईत.

मग पुढचा शिमगा आला. ढोल-ताशे जवळ येताहेत, आईने अंगण सारवलंय, रांगोळी घातलीय, आणि मी माळ्याच्या फटीतून खाली बघते आहे. पालखी टेकते. आई पालखीतल्या देवीची ओटी भरते. गुरवकाका नारळ हातात घेऊन तुम्हाला विचारतात, "पोरीचं काय सांगायचं? कोल्हापुरात हाय ना ती?" मला तुमचं टक्कल आणि मागे बांधलेले हात तेवढे दिसतात. मी मनातल्या मनात म्हणते, सांगा अप्पा, रोज सांगता तसं सांगा. आणि तुम्ही म्हणता, "नाय. घरातच हाय. माळ्यावर. लाजते हो, म्हणून लपून हाय वर्षभर."

कोणी हसलं नाही. मला वाटलं होतं हसतील. गुरवकाकांनी नारळ वर धरला आणि म्हणाले, "बा देवा म्हाराजा, ही तुझी लेक लाजेनं वर बसली हाय, तिची लाज तू काढून घे, तिच्या अभ्यासाला यश दे, आणि तिला खाली उतरव रे म्हाराजा." आणि ज्या माणसांपासून मी लपले होते, ती सगळी माणसं एका आवाजात म्हणाली, "व्हय म्हाराजा!"

मी तुमच्यावर इतकी चिडले की विचारू नका. पालखी पुढच्या घरी गेल्यावर मी वरूनच ओरडले, तुम्ही मला उघडं पाडलंत म्हणून. तुम्ही शिडीशी उभे राहून म्हणालात, "पॅसेंजरला सांगितलं ते सांगितलं. पालखीसमोर खोटं कसा बोलू गो?" परीक्षा होईपर्यंत मी तुमच्याशी धड बोलले नाही. तुम्ही मात्र ड्युटीवर जाताना शिडीच्या पायरीवर चहा ठेवायचात आणि दोनदा टकटक करायचात. त्या दिवसानंतर मला कोणी काही विचारलं नाही, हेही खरं. उलट शेजारच्या काकी खालून हाक मारायच्या, "घावनं ठेवलीत गो, गार करू नको." नंबर लागला तो त्यानंतर. वरचा उकाडा सोडून मी पडवीत अभ्यासाला बसू लागले होते, त्याचं श्रेय मी कधी कोणाला दिलं नाही.

अप्पा, तुमची नातही यंदा घरी आहे. तिचाही नंबर लागला नाही, आता याला ड्रॉप घेणं म्हणतात. ती लपत नाही. इथे रत्नागिरीत मांडवीच्या किनाऱ्यावर मैत्रिणींबरोबर फिरते, कोणी विचारलं तर सरळ सांगते. मीच दवाखान्यात पेशंटना सांगते, पुण्याला असते म्हणून. डॉक्टरची मुलगी आणि नंबर लागत नाही, हे माझ्या तोंडून निघत नाही.

या शिमग्याला आम्ही गावी गेलो. ती नवा ड्रेस घालून, हातात आरतीचं ताट घेऊन पडवीत उभी होती. ढोल वळणावर आले तसं मी तिला म्हटलं, "तू जरा आत बस." तिने माझ्याकडे बघितलं, ताट माझ्या हातात दिलं आणि आत गेली. आता गाऱ्हाणं गुरवकाकांचा मुलगा घालतो. त्याने विचारलं, "बाय, लेक कुठं हाय?" पालखी माझ्यापासून हातभर अंतरावर होती. मी म्हणाले, "पुण्याला. क्लास असतो तिचा." मग पुण्यातल्या लेकराला सांभाळ, परमुलखात तिची राखण कर, असं गाऱ्हाणं झालं. वाडी 'व्हय म्हाराजा' म्हणाली. मीही म्हणाले.

पालखी गेल्यावर मी आत गेले. ती चुलीपाशी आजीला पुरणपोळ्या लाटून देत होती. मान वर न करता म्हणाली, "आई, गाऱ्हाणं पुण्याला गेलं ना गं? मी तर इथे होते."

तुम्ही खोटं बोललात ते मी पाया पडले म्हणून. हिने माझ्याकडे काहीच मागितलं नव्हतं. मला तिची लाज वाटली, अप्पा, आणि ते तिला कळलं. 'चुकले' एवढा एक शब्द तिला म्हणायचा आहे, तो मी इथे तुम्हाला लिहीत बसले आहे, कारण तुम्ही काही उलट बोलणार नाही. ती पलीकडच्या खोलीत वाचते आहे. दार उघडंच आहे. मीच उठत नाही.