शेजारचं रिकामं घर

४ मार्च

साहेबांनी बोलावून घेतलं. पुरानंतर टेकडीवर जी वसाहत बांधली, तिचा लोकांना खरंच फायदा झाला का, ते घरोघर विचारून अहवाल द्यायचा. मी स्वतः तिथेच राहते म्हणून काम माझ्या गळ्यात! अहवाल चांगला गेला तर नदीकाठची उरलेली घरंही वर येणार. म्हणजे आई येणार. "तुमच्या शेजारचं घर रिकामंच आहे, आईंचं बघू," साहेब सहज म्हणाले. पुढचं काही मला ऐकूच आलं नाही.

५ मार्च

रिकाम्या घरात खिडकीतून डोकावून आले. ओटा उंच आहे — आईला वाकावं लागणार नाही.

९ मार्च

सगळीकडे एकच उत्तर. घर कोरडं आहे, झोप लागते, पण करमत नाही. सोडत काढून घरं वाटली, त्यात काठावरच्या गल्ल्या फुटल्या, जुने शेजारी पांगले. शिंपीकाका म्हणाले, "भिंती पक्क्या आहेत हो. पण भिंतीपलीकडे कोण राहतं, ते ठाऊक नाही. अदलाबदल मागितली, तर म्हणे नियमात नाही." मी मान डोलावली आणि लिहिलं — समाधानी. आपल्याच पोळीवर तूप ओढतेय, दुसरं काय.

१३ मार्च

आईकडे गेले. काठावरची रीत अशी, की पाणी चढलं की ज्याने त्याने शेजारची भिंत ठोकायची. बातमी गल्लीच्या टोकापर्यंत जाते. आईच्या शेजारची मावशी ठार बहिरी, म्हणून तिला आई स्वतः जाऊन हाताला धरून बाहेर काढते. रिकाम्या घराचं सांगितलं तेव्हा आईचे डोळे भरले. मग म्हणाली, "मला काय, मी आत्ता येईन गं. पण सोडतीत ही कुठे जाऊन पडेल? हिला उठवायचं कोणी?"

मला राग आला. त्या बिचाऱ्या मावशीचा! लाज वाटते, पण आला. मला आई हवी आहे. रोज, हाकेच्या अंतरावर. या वयात हे कोणाला सांगायचं?

१४ मार्च

'समाधानी' खोडलं. लिहिलं, घरं मिळाली पण शेजार गेला. यापुढे सोडत नको, अख्खी गल्ली एकत्र हलवा. साहेब म्हणाले, "बाई, विचार करा." म्हटलं, केलाय.

२ एप्रिल

शिफारस मंजूर. अख्खी गल्ली मावेल एवढी जागा फक्त नदीपलीकडच्या टेकडीवर आहे. आईचा फोन आला, फार खुशीत होती. "मग आता तूही तिकडेच येशील ना गं?"